कांद्याचा कोड सांगा, मग जिनिव्हाचं बघू

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. निकाल लागलेले असतात. निफाड, दिंडोरी, चांदवडकडचं कुणाचं तरी पोरगं एमए, एमबीए नाहीतर एलएलबी होऊन घरी बसलेलं असतं आणि त्याच्या काकांना कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो. "ताई, तुम्ही ते डब्ल्यूटीओचं, जागतिक व्यापार संघटनेचं, पर्यावरणाचं काहीतरी बघता ना? आमच्या पुतण्याला त्यातच जायचंय." मग फोन पुतण्याकडे जातो. त्याचे प्रश्न ठरलेले: कोर्स कुठला करू, आणि पगार किती मिळतो?

दोन्हीची उत्तरं देते, पण आधी मी एकच विचारते. कांद्याचा एचएस कोड सांग. (सीमाशुल्कात प्रत्येक मालाला आकड्यांचा जो क्रमांक असतो, तो.)

आजपर्यंत न अडखळता तो एकानंच सांगितलाय. पिंपळगावात एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कंटेनर भरून घेणारा मुलगा होता तो, बारावीत गटांगळी खाल्लेला. बाकीच्यांनी मला तुलनात्मक लाभाचा सिद्धांत सांगितला.

तर, ०७०३ १०. सात क्रमांकाचं प्रकरण भाज्यांचं, त्यातलं ०७०३ कांदा-लसणाच्या घराण्याचं आणि पुढचे १० म्हणजे कांदा. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं ठरवलेले पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. पुढचे दोन आपण आपल्या सोयीनं जोडतो, असे आठ. शुल्क, बंदी, अनुदान, करार, वाद, आकडेवारी, सगळं या आकड्यांवर टांगलेलं असतं. मंत्री भाषणात 'कांदा' म्हणतात, पण अधिसूचनेत कोड असतो आणि बोट अधिसूचनेवर सुटते.

सप्टेंबर २०२० मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. अधिसूचनेत सगळ्या जातींचा कांदा होता, पण चिरलेला, काप केलेला किंवा भुकटीच्या रूपातला सोडून. वाळवलेल्या कांद्याचा कोडच वेगळा, ०७१२ २०. म्हणजे त्या रात्री लासलगावचा व्यापारी अडकला आणि गुजरातेत महुव्याला कांदा वाळवणाऱ्या कारखान्यांची भुकटी मोकळी राहिली. एकच पीक, एकच सरकार, एकच तारीख. हे ज्याला त्याच संध्याकाळी सांगता येतं तो या धंद्यातला तज्ज्ञ. बाकीचे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचतात.

म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकुलता एक सल्ला: एक वस्तू धरा. 'आंतरराष्ट्रीय व्यापार आणि शाश्वत विकास' असा विषय कुणालाच येत नसतो. कुणाला द्राक्षं येतात, कुणाला पोलाद, कुणाला कोळंबी. मी दिल्लीत ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बाईंना कापूस यायचा, आणि कापसाच्या वाटेनं त्यांना अमेरिकेचं अनुदान, आफ्रिकेतलं राजकारण, पाण्याचा प्रश्न, सगळं यायचं.

वस्तू आपल्या मातीतली घ्या. जळगावचा असाल तर केळी, सांगलीचा असाल तर बेदाणा, कोल्हापूरचा असाल तर ओतकाम, रत्नागिरीचा असाल तर मासळी. गोव्याचा असाल तर लोहखनिज, २६०१. २०१२ साली तिथल्या खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं लीजचं नूतनीकरण रद्द केलं. न्यायालय, पर्यावरण, निर्यात शुल्क आणि चीनची मागणी एकाच वस्तूत बघायची तर तुमच्याइतकं जवळ कुणी नाही. फायदा असा की तुमच्या मामाच्या ओळखीचा कुणीतरी त्या धंद्यात असतोच. दिल्लीतल्या मुलांना तसा मामा नसतो.

एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर कोड. मग दहा वर्षांची निर्यात, टनात आणि डॉलरमध्ये. वाणिज्य मंत्रालयाच्या ट्रेडस्टॅटवर ती फुकट मिळते, इतर देशांची हवी असेल तर जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा ट्रेड मॅप उघडा. दोन्हीचे आकडे जुळणार नाहीत. घाबरू नका, का जुळत नाहीत ते शोधा. आपण एप्रिल ते मार्च मोजतो, ते जानेवारी ते डिसेंबर. आपण जहाजावर चढवतानाची किंमत लिहितो, घेणारा भाडं आणि विमा धरून लिहितो. दुबईला गेलेला माल दुबईतच खाल्ला जातो असं नाही. मला हे कुठल्या वर्गात शिकवलं नाही, वहीनं शिकवलं.

त्यानंतर घेणारे पहिले पाच देश. प्रत्येकाचं आपल्यावरचं शुल्क आणि आपल्या स्पर्धकावरचं शुल्क शेजारी शेजारी. दिल्लीत असताना मी द्राक्षांचा, म्हणजे ०८०६ १० चा, असा तक्ता केला होता. युरोपात हंगामात आपल्या द्राक्षांना ८ टक्के, चिली-पेरूच्या द्राक्षांना शून्य, कारण त्यांचे करार झालेले. माझ्या वडिलांना तो तक्ता दाखवला. आयुष्यभर आडतीवर हिशेब लिहिलेला माणूस. म्हणाले, "म्हणजे आपण गेटावरच आठ रुपयानं हरलो का?" मुक्त व्यापार करारावर याहून नेमकं वाक्य मी अजून लिहिलेलं नाही.

आता माझी वाट सांगते, ती आखीव नव्हती. २००६ साली पुण्यातून एमए झाले आणि थेट पनवेलला एका सीएचएच्या, म्हणजे निर्यातदारांच्या वतीनं कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्याच्या, ऑफिसात लागले. आता कायद्यात त्यांना कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण न्हावा शेव्याला अजून सगळे सीएचएच म्हणतात. पगार साडेचार हजार. माझ्या वर्गातली मुलं पीएचडीच्या मुलाखती देत होती आणि मी शिपिंग बिलाच्या, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला भरायच्या कागदाच्या, चेकलिस्टा तपासत होते. चुलत्यांनी तर विचारलंच, "यासाठी एमए केलं?"

तिसऱ्याच महिन्यात घोळ घातला. माल बेदाणा होता, ०८०६ २०. मी टाकलं ०८०६ १०, म्हणजे ताजी द्राक्षं. बीजकावर एक, फायटोवर, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या दाखल्यावर, एक आणि शिपिंग बिलावर तिसरंच. दुरुस्ती होईपर्यंत कट-ऑफ, म्हणजे बंदरात माल पोचवायची शेवटची वेळ, टळला, जहाज गेलं, कंटेनर आठवडाभर यार्डात बसला. मालक ओरडले नाहीत. फक्त पुढचे तीन महिने माझी प्रत्येक चेकलिस्ट त्यांनी स्वतः वाचली, माझ्यासमोर बसून, बोट फिरवत. आजही धोरणावरचा कुठलाही मसुदा मी बोट फिरवतच वाचते.

तुम्हाला शक्य असेल तर सहा महिने असं काम करा. बंदरावर, इनलँड कंटेनर डेपोत, निर्यातदाराच्या डॉक्युमेंटेशनला, प्रयोगशाळेत, बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर, कुठेही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'व्यापार खर्च' हा समीकरणातला एक ग्रीक अक्षर असतो. यार्डात तो प्लगला लावलेला रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर असतो आणि त्याचं भाडं दिवसावर चढत असतं.

पर्यावरणाकडे मी कशी वळले ते द्राक्षांमुळे. २०१० चा हंगाम. तोवर मी एका निर्यातदाराकडे आले होते. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं, ज्याला आपल्याकडे बागाईतदार सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ रोखायला वापरायचे. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हिशेब करून बघा: वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. रात्री अकराला हॉलंडच्या आयातदाराचे मेल यायचे आणि मी ते मराठीत करून बागाईतदारांना फोनवर वाचून दाखवायचे. एक काका शांतपणे म्हणाले, "मुली, त्यांना आमची द्राक्षं नकोत का आमचं औषध नको, एवढं विचारून सांग."

तो प्रश्न मी आजतागायत विचारते आहे, त्यावर पोट चालतं माझं. पर्यावरण आणि व्यापार या विषयाचा गाभा तोच आहे. सीमेवर घातलेली अट खरोखर माणसाच्या आरोग्यासाठी, झाडासाठी, हवेसाठी आहे, की घरच्या उत्पादकाला आडोसा म्हणून आहे? बहुतेक वेळा थोडं दोन्ही असतं. किती कोणतं, ते पुराव्यानं सांगणं हे आपलं काम. त्यासाठी मी तेव्हा युरोपचा ३९६/२००५ हा नियम छापून घेतला आणि डबा खाताना वाचला. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट ०.०१ लागते, हे त्यात कळलं, आणि ऑफिसात अचानक सगळे मला विचारायला लागले. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, डॉक्युमेंटेशनची पोरगी. बाकी कुणी वाचलंच नव्हतं, एवढंच.

वाचायचं काय, तर बातमीच्या आधी मूळ कागद. ७ डिसेंबर २०२३ ला पुन्हा कांद्यावर बंदी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरची किमान किंमत, मग थेट बंदी. टीव्हीवर 'निर्यात बंद' एवढंच. अधिसूचनेत मात्र पुढे लिहिलं होतं की ज्या मालाची जहाजावर चढवणी आधीच सुरू झाली, ज्याचं शिपिंग बिल भरलंय आणि जहाज धक्क्याला लागलंय, जो माल कस्टम्सच्या ताब्यात गेलाय, तो जाईल. ज्यानं ते वाचलं त्यानं त्या रात्री आपल्या गाड्यांच्या वेळा तपासल्या. पुढे मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत एका कोडनं एवढी वळणं घेतली. ही वळणं तारखेसह एका पानावर मांडून त्याखाली लासलगावचे भाव ठेवले तर तुमचा पहिला शोधनिबंध तयार झाला, कुणाच्या मार्गदर्शनाशिवाय.

दुसरा कागद: डब्ल्यूटीओचा वाद क्रमांक ५८, कोळंबी आणि कासवांचा. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड एका बाजूला, अमेरिका दुसऱ्या. कासव जाळ्यातून निसटून जाईल असं यंत्र ट्रॉलरला बसवलं नाही तर तुमची कोळंबी घेणार नाही, असं अमेरिकेचं म्हणणं. १९९८ साली अपिलीय मंडळानं निकाल दिला. आपल्याकडे बरेच जण सांगतात की 'आपण जिंकलो'. निकाल नीट वाचा. मंडळ म्हणालं, कासव वाचवण्यासाठी व्यापारावर बंधन घालता येतं, गॅट या जागतिक व्यापार कराराच्या कलम वीसमध्ये ते बसतं. अमेरिका हरली ती बंधन घालण्याच्या रीतीवर. कॅरिबियन भागातल्या देशांना तिनं तयारीला तीन वर्षं दिली होती आणि आपल्याला चार महिने. हरकत कासवाला नव्हती, पंक्तिप्रपंचाला होती.

आणि गंमत अशी की तो विषय मिटलेला नाही. समुद्रात पकडलेली आपली कोळंबी या कासवांपायीच अमेरिकेनं २०१८-१९ च्या सुमारास पुन्हा बंद केली. म्हणजे हर्णैच्या किंवा मालवणच्या जेटीवर उभं राहिलात तर तुम्ही त्या निकालाच्याच आवारात उभे आहात. निकालाची भाषा किचकट आहे. रोज पाच पानं, अडलेला शब्द वहीत, असं केलं तर महिना-दीड महिन्यात संपतो. हा एक निकाल नीट वाचलेला उमेदवार मला तीन प्रमाणपत्रवाल्यांपेक्षा जास्त आवडतो.

प्रमाणपत्रं हवीच असतील तर डब्ल्यूटीओचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, ते करा. पैसे भरून शनिवार-रविवारचे 'ग्लोबल ट्रेड अँड ईएसजी लीडरशिप' वगैरे करू नका. ईपिंग नावाची एक फुकट सेवा आहे, तिथे आपला कोड आणि देश टाकून ठेवा. एखाद्या देशानं त्या मालावर नवी आरोग्यविषयक किंवा तांत्रिक अट आणायचं ठरवलं की मेल येतो, आणि बहुतेक वेळा हरकती नोंदवायला मुदतही असते. आपल्या किती निर्यातदारांना हे माहीत आहे? मी मोजायचं सोडून दिलंय.

आता हिशेबाकडे येते, कारण सध्या नोकऱ्या तिथे आहेत.

युरोपचा कार्बन सीमा कर, ज्याला धंद्यात सगळे सीबॅम म्हणतात, १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या अहवालापुरता होता आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा झाला. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज. यात पोलादाच्या यादीत ७३१८ आहे, म्हणजे नट-बोल्ट आणि स्क्रू. नाशिकच्या अंबडपासून भोसरी-चाकणपर्यंत नट-बोल्टवाले किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा मेल येतो, सोबत एक अक्राळविक्राळ एक्सेल. मग ते कुणालातरी शोधतात.

असंच एका कारखानदारांनी मला बोलावलं. मी पोचले तेव्हा त्यांनी छतावरच्या सोलरचं कोटेशन मागवून ठेवलं होतं. "मॅडम, सोलर बसवलं की कार्बन कमी, कर कमी. बरोबर ना?"

नाही. बसून हिशेब केला. सोपे आकडे घेऊन दाखवते, तुम्हीही वहीत करा. शंभर टन बोल्ट करायला १०४ टन वायर रॉड, म्हणजे पोलादाची जाड तार, लागली, चार टन भंगार गेलं. वायर रॉडच्या दर टनामागे पोलादाच्या कारखान्यात २.३ टन कार्बन डायऑक्साइड निघाला असं धरू. म्हणजे एक टन बोल्टच्या पोटात रॉडमधून आलेला २.३ गुणिले १.०४, साधारण २.३९ टन. कारखान्यात उष्णता प्रक्रियेच्या भट्टीला शंभर टन बोल्टमागे पाच टन एलपीजी लागला. एक टन एलपीजी जाळला की सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे पंधरा टन, बोल्टच्या टनामागे ०.१५. बेरीज २.५४.

विजेचं काय? लोखंड-पोलादासाठी आता कर मोजताना थेट उत्सर्जनच धरतात, विकत घेतलेल्या विजेचं धरत नाहीत. सिमेंट आणि खतांना ती धरतात. म्हणजे सोलर बसवा, वीजबिल कमी होईल, बाकी चांगलंच आहे, पण या कागदावर एक दशांशही हलणार नाही. २.५४ पैकी २.३९ तुमच्या गेटात शिरण्याआधीच ठरलेलं आहे. प्रश्न छताचा नाही, रॉड कुणाकडून घेता त्याचा आहे. धातुकापासून कोळशाच्या झोतभट्टीत केलेलं पोलाद आणि भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं पोलाद यांत कितीतरी पटीचा फरक असतो.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मला सोलरवाल्याला नाही, रॉडवाल्याला फोन करायला पाहिजे." आणि केलाही, माझ्यासमोर. रॉडवाल्यानं विचारलं, "कसला कार्बन?" तिथून खरं काम सुरू झालं, ते अजून चालूच आहे.

या कामाला लागतं काय, तर रसायनशास्त्राचं बारावीचं ज्ञान, त्रैराशिक, नियमाचं परिशिष्ट उघडून बघण्याची सवय आणि कारखान्याच्या स्टोअरकीपरशी नीट बोलता येणं. गॅसच्या सिलिंडरची नोंदवही त्याच्याकडे असते, सीईओकडे नसते. आणखी एक बारकावा. एका युरोपीय आयातदाराचा वर्षाचा असा सगळा माल ५० टनांच्या आत असेल तर आता त्याला सूट आहे. कर पूर्ण जोरात लागायलाही २०३४ उजाडेल, तोवर तो टप्प्याटप्प्यानं वाढेल. बाजारात घाबरवून सल्ला विकणारे खूप झालेत. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा 'तुम्हाला हे लागूच नाही' असं सांगता आलं पाहिजे. मी दोनदा सांगितलंय, दोन्ही वेळा फी बुडाली, आणि त्यातल्या एकानं पुढे चार कामं पाठवली.

दारं कुठली कुठली, ते भराभर सांगते. सरकारात जायचं तर यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी, वय २१ ते ३०. इंडियन ट्रेड सर्व्हिस नागरी सेवा परीक्षेतूनच मिळते. मंत्रालयांत कंत्राटी सल्लागार आणि यंग प्रोफेशनल घेतात, त्याच्या जाहिराती त्या त्या संकेतस्थळावर येतात, पेपरात येतीलच असं नाही. संशोधनात दिल्लीच्या आरआयएस, इक्रिअर, सीईईडब्ल्यू, टेरी या संस्था आहेत. जयपूरची कट्स आहे. दिल्लीच्या आयआयएफटी या विदेश व्यापाराच्या शिक्षणसंस्थेत १९९९ पासून डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र आहे. पुण्यात १९३० पासून गोखले संस्था आहे. वकील असाल तर अँटी-डंपिंग, म्हणजे पडत्या भावात ओतलेल्या परदेशी मालाविरुद्धची प्रकरणं. व्यापार उपाय महासंचालनालयापुढे चालणाऱ्या प्रकरणांचे अंतिम निष्कर्ष सगळ्यांना वाचायला खुले असतात. दहा वाचलेत की एखाद्या उद्योगाचं दुखणं कसं मोजतात ते कळतं. कंपन्यांत सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या, अहवालामुळे जागा निघाल्या आहेत, पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा आहे. त्या कामात पुष्कळ कॉपी-पेस्ट चालतं, वर्षभराच्या वर रमू नका.

जिनिव्हा. हो, डब्ल्यूटीओचं ते गाव छान आहे, तळं आहे. पण तिथे इंटर्नशिपला जाण्याआधी खोलीभाडं बघा. डब्ल्यूटीओच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. मी पुण्यात फ्रेंचच्या दोन पायऱ्या चढले आणि थांबले, त्याची खंत आहे. तुम्ही थांबू नका. आणि मराठीला कमी लेखू नका. दिल्लीत आमच्या गटात परदेशात शिकलेले तिघे होते. बागाईतदाराशी, हमालाशी, बाजार समितीच्या लिलावात बोलून खरी गोष्ट काढून आणायची वेळ आली की चौथीला, म्हणजे मला, गाडीत बसवायचे.

पगाराचं. मी २०११ साली दिल्लीत संशोधन सहायक म्हणून २२ हजारांवर लागले, त्यातले ७ हजार खोलीला जायचे. कंत्राट अकरा महिन्यांचं, दर वर्षी मार्चमध्ये पोटात गोळा. सात वर्षं असं चाललं. आकडे आता वाढलेत, पण कंत्राटाची तऱ्हा तीच आहे. बाहेरून ही क्षेत्रं परिषदा आणि गळ्यातल्या ओळखपत्रांची दिसतात. पहिली पाच-सहा वर्षं तरी एक्सेल, मुदत आणि दुसऱ्याच्या नावानं छापलेले अहवाल, एवढंच असतं. घरावर कर्ज असेल, लगेच पैसा हवा असेल, तर आधी निर्यातदाराकडे किंवा बँकेत लागा आणि वही चालू ठेवा. त्यात कमीपणा काहीच नाही. सहा-सात वर्षं मालात घालवलेला माणूस पुढे धोरणात आला की त्याचं बोलणं वेगळंच कळतं.

लिहायला शिका, दोन पानांत. माझं दिल्लीतलं पहिलं टिपण चौदा पानांचं होतं. त्या कापसाच्या बाईंनी ते वजन करावं तसं हातात धरलं आणि म्हणाल्या, सहसचिवांचा चहा संपेपर्यंत वाचून होईल एवढं आण. तेव्हापासून माझी रीत ठरली. पहिल्या परिच्छेदात काय करावं ते, दुसऱ्यात त्यानं कुणाचं भलं आणि कुणाचं नुकसान ते आकड्यात, मग पुरावा. शेवटी आपल्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दा आपणच लिहायचा. तो लिहिला नाही तर बैठकीत समोरचा काढतो आणि आपण पाणी पीत बसतो. आकडेशास्त्रासाठी 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिका. व्यापाराचं गुरुत्व प्रतिमान, म्हणजे देशांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर यांवरून व्यापार सांगणारं मॉडेल, एकदा स्वतः चालवून बघा. पण मॉडेल चालवण्याआधी आकड्यांची यादी डोळ्यांनी वाचा. एकदा एका मुलानं मला सिद्ध करून दाखवलं होतं की भारताची द्राक्षांची निर्यात एका वर्षात हजारपट वाढली. त्यानं किलो आणि टन मिसळले होते.

आता अर्ज. मला किंवा माझ्यासारख्या कुणालाही मेल करताना बायोडेटाच्या वरचा 'उद्दिष्ट' हा परिच्छेद काढून टाका. 'पॅशनेट' हा शब्दही काढा. सोबत तुमच्या वस्तूवरचं दोन पानी टिपण जोडा. त्यात एक तक्ता, एक मूळ अधिसूचना आणि त्या धंद्यातल्या एका तरी माणसाशी तुम्ही स्वतः बोललात त्याचा मजकूर असावा. मेलच्या विषयाच्या ओळीत सुरुवातीला कोड लिहा. 'करिअरबाबत मार्गदर्शन हवे' अशा विषयाचे मेल रविवारी बघते. '०८०३ ९०, जळगाव, केळी' असा आला तर त्याच दिवशी उघडते.